सुखदेवचे नाव मी घेतले

हे मी आजवर कोणापाशी बोललो नाही. घरात नाही, देवापुढेही नाही. तहसील कचेरीसमोर टेबल टाकून बसणारा मी अर्जनवीस; दुसऱ्याची कैफियत कशी मांडावी हे मला कोणी शिकवू नये. नववीनंतर शाळा सुटली, तरी लोक मला वकीलसाहेब म्हणतात — आणि तो गैरसमज मी कधी दूर केला नाही. पण ती चूक सांगायला मी बसलेलो नाही. ती लहान आहे.

गोष्ट माझ्या मोटारसायकलची आहे. मुकुंदवाडीहून येताना मूठ सोडली की सायलेन्सर फाड् फाड् वाजे. चहावाला ओरडे, "वकीलसाहेबांची तोफ आली!" — माझ्यासारख्या माणसाने हे किती दिवस ऐकून घ्यावे? गल्लीतला सुखदेव मिस्तरी म्हणाला, फिल्टरकडून इंजिनाला हवा देणारी एक रबरी नळी असते, त्या हवेने उरलेला धूर जळतो, आवाज तिचाच. बंद केली तर धूर वाढेल म्हणून त्याने साफ नकार दिला.

नकार ऐकून घेणे माझ्या स्वभावात नाही. रविवारी अंगणात बसून, मोबाईलवर कोणाचा तरी व्हिडिओ पाहत, मी स्वतः ती नळी उपसली, पोरांची काचेची गोटी आत कोंबली आणि नळी परत चढवली. आवाज बंद! फुकटात! त्या संध्याकाळी मी उगाचच दोन चकरा मारून आलो.

पुढे पीयूसीचा दाखला काढायला गेलो, तर धुराचा आकडा हद्दीबाहेर. तपासणाऱ्याने नळी चिमटीत दाबून पाहिली. "आरं, हिच्यात गोटी कुणी कोंबली?" मागे माझे दोन पक्षकार उभे होते, शेजारी गॅस एजन्सीचे मॅनेजर. याच मंडळींना मी कायद्याच्या चार गोष्टी सुनावत असे. मी काय म्हणालो असेन? तुम्ही ओळखलेच असेल.

"मिस्तरीनं. सुखदेवनं."

तोंडून निसटले, असे मी म्हणणार नाही. मी विचार करून म्हणालो.

एजन्सीच्या सगळ्या गाड्या सुखदेवकडे असत. त्याचे घर त्यावरच चाले. मॅनेजरांनी त्या काढून घेतल्या. आणि सुखदेव कोठे गेला? — माझ्याच टेबलाशी आला. रागाने आला असता तर बरे झाले असते.

"मॅनेजर म्हनले, वकीलसाहेबांनीच सांगितलं. म्या म्हनलं, नाय, त्यांचा कायतरी घोळ झाला आसंल. आता तुमीच मॅनेजरला अर्ज लिवा. तेवढं टाका, गोटी सुखदेवनं घातली नाय."

मी लिहिला. इतका भारदस्त अर्ज मी आयुष्यात लिहिला नाही — निष्कलंक सेवा, कुटुंबाची उपजीविका, सहानुभूतिपूर्वक विचार. आमच्या धंद्याचा नियम आहे: अर्ज अर्जदाराला मोठ्याने वाचून दाखवायचा, त्याने मजकूर बरोबर म्हटल्याखेरीज सही घ्यायची नाही. मी वाचला. तो हात जोडून ऐकत राहिला.

"लई झ्याक. पर साहेब... गोटीचं नाय आलं?"

"अर्जात तसे लिहिण्याचा प्रघात नाही," मी म्हणालो.

"व्हय का? मंग ऱ्हाऊ द्या. तुमाला कळतं." आणि त्याने सही केली.

अर्जाचा उपयोग झाला नाही. होणार कसा? आता तो छावणी भागात दुसऱ्याच्या गॅरेजवर रोजाने जातो. अजूनही मला रामराम घालतो. कोणाचे काम अडले की त्याला माझ्याकडे पाठवतो — ह्यांच्यावाणी अर्ज कुणी लिवत नाय, म्हणून. ती माणसे समोर येऊन बसतात, सुखदेवचे नाव सांगतात. मी पेन उघडतो. टेबल सोडून जाऊ तरी कोठे?

तसा कोणताही प्रघात नाही. गोटी मी घातली होती, आणि ते लिहायला एक ओळ पुरली असती.