फळ्याच्या तळाशी वेल

भिजवलेल्या खडूचा वास आला की मला आमच्या रत्नागिरीच्या शाळेचा व्हरांडा आठवतो. सत्र संपताना मुलांनी मिळवलेली बक्षिसं तिथल्या फळ्यावर लिहायचं काम माझ्याकडे असे. माझं अक्षर चांगलं होतं आणि ते मला जरा जास्तच ठाऊक होतं.

त्या वर्षी मुलींचा खो-खोचा संघ जिल्ह्यात पहिला आला. अकरा नावं ठळक, देखणी बसली. बारावी सुनंदा राखीव होती, एकदाही मैदानात उतरली नव्हती. खाली एकच ओळ उरली होती. तिथे मी फुलांची वेल काढली.

दुसऱ्या दिवशी सुनंदा वडिलांना घेऊन आली. ते दिवाळीसाठी मुंबईहून आले होते, अन् गावातून एसटीनं खास फळा बघायला आले होते. त्यांनी नावं वरून खाली वाचली, मग पुन्हा वरून. मी दाराआड उभी होते. सुनंदा फळ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "बाबा, ह्या अक्षर माज्या मैत्रिणीचा."

आता त्याच शाळेत मी बाई आहे. फळा अजून मीच लिहिते. सुरुवात राखीव मुलींपासून करते, आणि वेलीला जागा ठेवत नाही.