पडद्यावरची आतली शिवण

आमच्या वहिनींचं शिवणकामाचं दुकान आहे. दादा असताना तो कॉम्प्युटरवर वेलबुट्ट्या काढायचा आणि त्यावरून भरतकामाचं मशीन चालायचं. दादा गेला, वेलबुट्ट्या मागे राहिल्या. वहिनींचं पोट त्यावर चालतं आणि मनही त्यातच रमतं.

एका सकाळी त्यांचा फोन आला. "भावोजी, जरा येऊन जा. माझ्या टेबलावर कुणीतरी दोन चिंध्या टाकून गेलंय."

टेबल म्हणजे कॉम्प्युटरचा पडदा. त्यांचं कापायचं टेबल जसं लख्ख, तसाच तोही: कोपऱ्यात दादाचा फोल्डर, बाकी सगळं मोकळं. त्या मोकळ्या जागेत दोन फिकट चित्रं येऊन बसली होती. याच त्या चिंध्या. दोघींचं नाव एकच, 'डेस्कटॉप डॉट आयएनआय'. मी त्या उडवल्या. कॉम्प्युटर बंद करून चालू केला, तर दोघी पुन्हा हजर!

मग दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याला आम्ही 'डॉक्टर' म्हणतो, कारण त्याला प्रत्येक यंत्रात व्हायरस दिसतो.

"व्हायरसच आहे, काकू. सगळं पुसून नव्याने भरावं लागेल."

"सगळं म्हणजे हा फोल्डरसुद्धा?"

"वाचला तर वाचला."

मला वाटलं, वहिनींचा धीर सुटणार. त्यांनी शांतपणे त्याच्या हातातून माउस काढून घेतला.

"गिऱ्हाईक कपडा घेऊन जाईपर्यंत मी कापडाचा तुकडासुद्धा टाकत नाही. हे कशातलं आहे ते कळल्याशिवाय काही पुसायचं नाही." त्यांनी चष्मा चढवला. "फोल्डरचं चित्र ठसठशीत, मग या दोघीच अशा विटक्या का?" आणि एकदम हसल्या. "अहो, ही तर आतली शिवण! कुणीतरी कपडा उलटा करून ठेवलाय. डॉक्टर, परवा माझी हरवलेली फाइल शोधताना तुम्ही काय काय उघडलं होतंत?"

डॉक्टरने कान खाजवला. "लपलेल्या फायली दाखव, असं सांगितलं होतं कॉम्प्युटरला. परत झाकायचं राहिलं."

"मग करा की सुलटा!"

त्याने दोन-तीन ठिकाणी क्लिक केलं. चिंध्या दिसेनाशा झाल्या.

"पुसल्या नाहीत ना?"

"नाही, आतच आहेत. कॉम्प्युटरला स्वतःच्या कामाला लागतात त्या. काकू, बाहेर कुणाला सांगू नका हं."

"का बरं? रोगी जगला की तुमचा!"

माणूस गेलं की घर आवरण्याच्या नादात लोक काय काय टाकून देतात. वहिनींनीही आवरलं, पण कुठलीही वस्तू न विचारता टाकली नाही. मला त्यांचं फार कौतुक वाटतं ते यासाठी.

डॉक्टर गेल्यावर त्यांनी मला फोल्डरची एक प्रत काढून घरी न्यायला लावली. मग दादाची शेवटची वेल उघडली आणि मशीन सुरू केलं.

"वहिनी, ही अर्धीच आहे."

"माहीत आहे," सुईवरची नजर न काढता त्या म्हणाल्या. "पुढची मी हाताने भरणार आहे."