पॅरिस ते बार्सिलोना, पावणेसात तास

मुलीला बार्सिलोनाच्या कॉलेजात आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला, तेव्हा तिला सोडायला आम्ही दोघांनीही जायचं आणि जाताजाता पॅरिस बघायचं असं ठरलं. दुबईतल्या करामा भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये युरोपला जाऊन पॅरिस न बघणं म्हणजे लग्नाला जाऊन न जेवता परत येणं. दुबई ते पॅरिस विमानाने जायचं, यावर कुणाचंच दुमत नव्हतं. वाद पेटला तो पॅरिस ते बार्सिलोना या पुढच्या तुकड्यावरून.

"ऑब्वियसली फ्लाइट, बाबा. वन आवर फिफ्टी," मुलीने फोनमधून मान वर न काढता निकाल दिला.

मी म्हणालो, ट्रेन.

मी फुजैराच्या बंदरात जहाजांना इंधन पुरवणाऱ्या टर्मिनलवर नोकरी करतो. मुलगी चार वर्षांची झाली तेव्हा शाळेसाठी ती आणि बायको करामात राहिल्या, आणि मी फुजैराला कंपनीच्या खोलीत. सुट्टी लागली की डोंगर ओलांडून दीड तासात घरी यायचं, दोन दिवस राहायचं, परत जायचं. अशी चौदा वर्षं मी स्वतःच्या घरात पाहुणा होतो आणि पाहुण्याला मिळतं ते सगळं मला मिळालं: गरम पोळी, टीव्हीचा रिमोट आणि मुलीचं "हाय बाबा". तिचे प्रोजेक्ट, मैत्रिणींशी भांडणं, परीक्षेच्या आदल्या दिवशीचं रडणं, हे सगळं कामाच्या दिवसांत उरकून जायचं आणि सुट्टीला मला त्याचा सारांश कळायचा. आता तर तोही बंद होणार होता. म्हणून मला ती ट्रेन हवी होती. पावणेसात तास मुलगी शेजारच्या सीटवर असणार आणि उठून आपल्या खोलीत जाऊन दार लावू शकणार नाही. विमानाचा वेळ सगळा तुकड्यातुकड्यांचा. रांग, बेल्ट काढा, बूट काढा, परत रांग. हे खरं कारण घरात सांगायची मात्र मला लाज वाटली.

तेव्हा ऑफिसात कारण सांगता येत नाही त्या वेळी मी जे करतो, तेच केलं. एक्सेलचा तक्ता केला. एका बाजूला विमान, दुसऱ्या बाजूला ट्रेन. विमानाच्या रकान्यात हॉटेल ते विमानतळ दीड तास टाकला, सिक्युरिटीला दोन तास, आणि उतरल्यावर बॅगांची वाट बघायला तब्बल एक तास. शेवटी विमानसुद्धा साडेसहा तासांवर आणून ठेवलं. ट्रेनच्या रकान्यात स्टेशनवर पोचायचा वेळ धरलाच नाही. इतका खोटा तक्ता मी कंपनीसाठीही कधी केला नव्हता.

दुबई मरीनात राहणारा माझा एक जुना मित्र आहे. तो दहा वेळा युरोपला जाऊन आलाय आणि हे तो प्रत्येक भेटीत सांगतो. त्याचा सल्ला घेतल्यासारखं करावं म्हणून फोन केला, तर तो उखडलाच. "अरे सात घंटे ट्रेनमध्ये? बॅकपॅकर आहेस का तू? दोनशे दिरहमचा डिफरन्स, म्हणजे साडेचार-पाच हजार रुपये. यल्ला, फ्लाइट बुक कर आणि खलास!" फोन स्पीकरवर होता. मुलगी विजयी चेहऱ्याने हसली.

मला वाचवलं ते बायकोच्या वजनकाट्याने. आखातातल्या प्रत्येक भारतीय घरात बॅग लटकवून तोलायचा एक काटा असतो. आमच्याकडचा काटा बायकोच्या ताब्यात असतो आणि बिल्डिंगमधल्या चार घरी तिला बॅगा भरून द्यायला मानाने बोलावतात. तीस किलो म्हणजे तीस किलो, शंभर ग्रॅम इकडचे तिकडे नाहीत. मुलीच्या संसाराचं सामान तिने तीन बॅगांत बसवलं होतं: कुकर, पोळपाट-लाटणं, भाजणी, मेतकूट, गोडा मसाला आणि दोन रजया. युरोपातल्या त्या छोट्या विमानात माणशी वीसच किलो नेता येतं, हे मी तिला सहज बोलल्यासारखं सांगितलं.

"आणि ट्रेनला?"

"ट्रेनला कोणी तोलतच नाही."

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. पंचवीस वर्षांच्या संसारात माझं एखादं वाक्य तिला इतकं आवडल्याचं मला आठवत नाही. "मग ट्रेनच," ती म्हणाली. मुलीने डोळे फिरवले, पण कुकरपुढे तिचं काही चाललं नाही.

ज्या गाडीत बॅग कोणी तोलत नाही, तिथे ती कोणी उचलतही नाही, हे आमच्या तिघांच्याही डोक्यात आलं नाही. येणार तरी कसं? आमच्या सगळ्या बॅगा आयुष्यभर ट्रॉलीवरून पट्ट्यावर आणि पट्ट्यावरून ट्रॉलीवर गेलेल्या. पॅरिसच्या स्टेशनवर गाडी सुटायच्या वीस मिनिटं आधी प्लॅटफॉर्म जाहीर झाला आणि सगळं स्टेशन एकदम धावायला लागलं. आमचा डबा शेवटचा. त्यात गाडी दोन मजली, आणि देखावा चांगला दिसावा म्हणून मी सीटा हौसेने वरच्या मजल्यावरच्या घेतलेल्या. खालची सामानाची जागा भरून गेली होती. एक माणूस जेमतेम मावेल अशा वळणाच्या जिन्यावरून मी नव्वद किलो संसार तीन खेपांत वर चढवला. मागे फ्रेंच लोकांची रांग मोठ्या सभ्यपणे उभी होती, त्यामुळे जास्तच अपमान वाटला. दुसऱ्या खेपेला कुकरचं झाकण आत कुठेतरी खणखणलं. "बाबा, धिस इज सो एम्बरॅसिंग," मुलगी म्हणाली आणि तिसऱ्या बॅगेला खालून हात लावला.

गाडी सुटली. बायको पलीकडच्या सीटवर बसल्या बसल्या झोपली. मुलगी खिडकीशी, मी तिच्या शेजारी. जसं हवं होतं तसंच. मी घसा खाकरून सुरुवात केली. बँकेचं कार्ड, पासपोर्टची कॉपी, दाराचं लॅच, गॅस नाही इंडक्शन आहे, आजारी पडलीस तर आधी कुणाला फोन करायचा. ती प्रत्येकाला "ओके" म्हणत गेली. सगळं सांगून झालं तेव्हा मी घड्याळ बघितलं. पस्तीस मिनिटं झाली होती.

पावणेसात तासांसाठी मी घरात राजकारण केलं, खोटे आकडे लिहिले, पाठ मोडून घेतली, आणि माझ्याकडे माल होता पस्तीस मिनिटांचा. बाहेर एकसारखी शेतं पळत होती. बऱ्याच वेळाने मी एका मैत्रिणीचं नाव घेऊन विचारलं, ती कुठे जाणार आहे पुढे शिकायला?

"बाबा, वी डोन्ट टॉक. सिन्स ग्रेड टेन."

ती चिडली नव्हती. नव्या माणसाला सांगावं तसं तिने समजावून सांगितलं, आणि मला ते फार लागलं. मग दुपारी दक्षिणेकडे समुद्र आला. रुळांना लागून उथळ पाणी आणि त्यात गुलाबी पक्षी. माझी हौस उसळून आली. "बघ, बघ, फ्लेमिंगो!"

"रास अल खोरला याच्यापेक्षा जास्त असतात," ती म्हणाली. "मी आणि आई दर विंटरला जायचो. स्कूलनंतर, ट्यूसडेला."

मंगळवारी मी फुजैरात असायचो. दुबईत आमच्या घरापासून पंधरा मिनिटांवर फ्लेमिंगो उतरतात, हे मला फ्रान्समध्ये कळलं.  तिने हेडफोन लावले. पर्पिन्याँ स्टेशन गेलं. आता दीड तास उरला होता.

तिने हेडफोन काढून गळ्यात अडकवले. "बाबा, व्हाय डिड यू वॉन्ट द ट्रेन सो मच? बॅग्जचं कारण नको सांगू."

बायको झोपली आहे ना, हे मी बघून घेतलं. "तुझ्या शेजारी बसायचं होतं," मी म्हणालो. "इतका वेळ कधी बसलोच नाही. बोलायला काही सुचणार नाही, हे माहीत नव्हतं मला. पण बसायचं होतं."

तिने फोन काढला, काहीतरी बघितलं, परत ठेवला.

"यू शुड हॅव टोल्ड मी," ती म्हणाली. "देअर वॉज अ बस ऑल्सो. फिफ्टीन आवर्स."

मला भरून आलं. तिला दिसू नये म्हणून मी घाईने तिच्या पलीकडे खिडकीबाहेर बघितलं. नेमकी तेव्हाच गाडी सरहद्दीच्या बोगद्यात शिरली आणि काच काळी झाली. काचेत आम्ही दोघं शेजारी शेजारी बसलेले स्वच्छ दिसत होतो, आणि ती माझ्याकडेच बघत होती.