टॉवेलाखालची हेल्का

मॅचच्या दिवशी हेल्काशी बोलायचं नाही, हा नियम खुद्द गोलरक्षक हेल्कानेच केला होता. एकोणीस वर्षांची असताना कुणीतरी तिला म्हणालं, "आज तुझ्या जाळ्यात माशीसुद्धा शिरणार नाही," आणि त्याच मॅचमध्ये सात गोल शिरले. तेव्हापासून ती खेळाचं सामान अंगावर चढवून डोक्यावर टॉवेल ओढून बसायची आणि कुहमो गावातल्या बायकांच्या आइस हॉकी संघाच्या तोंडाला कुलूप लागायचं. अशी सतरा वर्षं गेली. एरवी हीच बाई शाळेच्या स्वयंपाकघरात वाटाण्याचं सूप वाढताना दोनशे पोरांच्या वरताण बडबडायची.

संघाचं सामान माइरे सांभाळायची. वय बासष्ट, गुडघे कुरकुरणारे, नजर मात्र घारीची. स्केट्सच्या पात्यांना धार तिनेच लावायची, तुटलेले पट्टे तिनेच शिवायचे. हेल्कावर तिचा भारी जीव होता, पण मॅचच्या दिवशी तीही मुकी.

त्या मार्चमधली शेवटची मॅच जिंकली तरच संघ वरच्या गटात राहणार होता. बरोबरीनेही भागणार नव्हतं. दुसऱ्या विश्रांतीला, शेवटची वीस मिनिटं बाकी असताना, कुहमो दोन-एकने पुढे होतं. हेल्काने ओले मोजे बदलायला स्केट्स काढले. माइरेने ते नेहमीसारखे पुसायला घेतले. डाव्या स्केटचं पातं बुटाला जिथे बसतं, तिथे टाचेकडे केसाएवढी चीर गेली होती.

जुना जोड कपाटात होता. धार लावलेला, तयार. फक्त हेल्काला सांगायचं होतं.

माइरे कॅप्टन केर्तूपाशी गेली. "चीर गेलीय. तू सांग तिला."

"मी? फाडून खाईल ती मला!"

"मग मी सांगू?"

"माइरे, एका गोलाने पुढे आहोत आपण! आत्ता तिला हलवू नकोस. वीस मिनिटं टिकेल ना?"

"मी काय ज्योतिषी आहे?"

माइरे टॉवेलासमोर जाऊन उभी राहिली. हेल्काचा श्वास ऐकू येत होता. माइरेने तोंड उघडलं, जीभ चावली आणि स्केट्स तिच्या पायांशी ठेवले. एवढी भित्री आपण कधी झालो, हे तिचं तिलाच कळेना.

घंटा झाली. माइरे मैदानाच्या कठड्याला धरून फक्त ते डावं पाऊल बघत राहिली. हेल्काने रबरी चकतीचा एक फटका अडवला, दोन अडवले, एक तर छातीवर घेतला. प्रत्येक वेळी ती डाव्या पायावर भार टाकायची आणि माइरे कठडा आणखी घट्ट धरायची. शेवटची चार मिनिटं उरली. चकती उजवीकडून डावीकडे गेली, हेल्काने डाव्या पायावर भार टाकला, कडकन आवाज झाला आणि ती बर्फावर आडवी झाली. चकती सावकाश, कुणाचीही घाई नसल्यासारखी, मोकळ्या कोपऱ्यात शिरली.

दोन-दोन. जुना जोड घालून हेल्काने पुढचं सगळं अडवलं. पण कुहमोचा गोल काही झाला नाही आणि संघ खाली गेला.

कपडे बदलायच्या खोलीत कुणी कुणाकडे बघत नव्हतं. हेल्काने तुटका स्केट उलटा धरला.

"ही चीर आत्ताची नाही. कधी दिसली तुला?"

"दुसऱ्या विश्रांतीत," माइरे म्हणाली.

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुझ्या डोक्यावर टॉवेल होता."

"मलाही माहीत होतं," केर्तू पुटपुटली.

हेल्का ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने टॉवेलाची घडी घातली, पिशवीत ठेवला आणि कुणाशीही न बोलता एकटीच घरी गेली.

सप्टेंबरमध्ये, खालच्या गटातल्या पहिल्या मॅचला, हेल्का टॉवेलाशिवाय आली आणि माइरेच्या शेजारी येऊन बसली.

"बोल."

"काय बोलू?"

"दिसतंय ते. सतरा वर्षांचं साठलं असेल."

माइरेने आधी सगळ्यांकडे पाहिलं. "गुडघ्याचा पट्टा सैल बांधतेस. मॅचआधी कॉफी फार पितेस. आणि डावीकडे तू उशिरा पोचतेस. तीन वर्षं झाली."

हेल्काचे कान लालबुंद झाले.

"तीन वर्षं?"

"तीन."

हेल्काने आपल्या डाव्या पावलाकडे पाहिलं. मग तिने ते उचलून माइरेच्या मांडीवर ठेवलं.

"पट्टा घट्ट कर," ती म्हणाली. "आणि आज डावीकडच्या कठड्याला उभी राहा. उशीर झाला की ओरड."