तायडे बाईंचा घरजावई

पेशंट बोलायला लागला की तायडे बाई डोळे मिटून घेत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, दुपारची वेळ आहे, डॉक्टरीणबाईंना डुलकी लागली. अमरावतीतल्या त्या गुप्तरोगांच्या दवाखान्याच्या खिडक्यांना वाळ्याचे पडदे होते. त्यांवर नुकतंच पाणी मारलेलं होतं आणि खोलीत ओलसर, हिरवट उजेड साचला होता. मी बोलता बोलता थांबले, तर बाई मिटल्या डोळ्यांनीच म्हणाल्या, "बोल वं, मी आयकून राह्यली. समोरचा पाहून राह्यला की मानसाले खरं बोलता येत नाई."

मग मी बोलले. नवऱ्याने आणलेलं दुखणं घटस्फोटानंतरही माझ्याकडेच राहिलं होतं. मधूनच उठणारे फोड, लघवीच्या वेळची आग, आणि तशातच मूर्तिजापूरच्या शाळेत फळ्यापुढे ताठ उभं राहून भूगोल शिकवणं. अकोल्यात एका भल्या गृहस्थाने 'मुळापासून बरं करतो' म्हणत मला वर्षभर पुड्या खायला घातल्या होत्या. बाईंनी तपासलं, रक्ताच्या तपासण्या करून घेतल्या आणि दुखण्याचं नाव सांगितलं. हर्पिस.

"हे जात नाई," त्या म्हणाल्या. "अन् यानं कोनी सहसा मरत बी नाई. याले घरजावई समज. घरातून काई जानार नाई. पन झोप पुरी घेतली, जेवन वक्तावर केलं, डोक्याले ताप नाई देल्ला, त कोपऱ्यात पडून राह्यते. रुसला की उठते. मुंग्या आल्यासारखं वाटलं की लगेच गोळ्या सुरू कराच्या."

आमच्याकडे घरजावयाला काय मान असतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. मला एकदम हसू आलं. कित्येक महिन्यांनी हसले असेन.

पुढे मी अमरावतीला जात राहिले. गाडीत खिडकीशी बसायची. बाहेर कपाशीची शेतं सरकत राहायची, डोळे जड व्हायचे, आणि जागेपणी व झोपेत काही फरक उरायचा नाही. दवाखान्यातही तेच. बाकावर सगळे खाली मान घालून बसलेले, पाण्याने भिजलेल्या वाळ्याचा वास, आणि आतून बाईंचा खर्जातला आवाज. तिथे बसलं की मला फार सुरक्षित वाटायचं. आयुष्य तिथेच, त्या बाकावर संपावं असंही कधी वाटायचं.

बाईंचा मधूनच फोन यायचा. "काय म्हनते जावई?" मी म्हणायची, "झोपलाय." एकदा परीक्षेच्या धांदलीत दुखणं उठलं आणि मी फोनवर म्हणाले, "जावई फार रुसलाय, रात्रभर झोपू दिलं नाही." आई दाराआड उभी होती. तिने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला आणि मग ताट आपटत म्हणाली, "त्या मेल्याले पुन्हा घरात घेतलं? अन् तेबी घरजावई करून? लपवलं कुठी त्याले?" मी तिला सगळं सांगून टाकलं. ती रडली, मग पदराने डोळे पुसून म्हणाली, "हे आता कोनापाशी बोलू नोको. बाळापूरवाल्यापाशी त नाईच नाई."

बाळापूरवाला म्हणजे सुधीर. कृषी खात्यात नोकरी, बायको वारलेली, स्वभावाने मऊ. त्याचं स्थळ आलं होतं आणि तो मला आवडला होता. सांगितलं तर तो जाईल, न सांगितलं तर मी त्याच्याशी तेच करीन जे माझ्याशी झालं. मी बाईंकडे धावले. म्हटलं, "तुम्हीच सांगा त्यांना. डॉक्टरांनी सांगितलं की पटतं."

"नाई," बाई म्हणाल्या. "म्या सांगतलं त ते बिमारी होते. तू सांगतलं त तुई गोष्ट होते. गोष्ट आयकून मानूस थांबते कधी कधी."

"आणि नाही थांबला तर?"

"त रडजो. मी आहे ना."

बाळापूरच्या किल्ल्याच्या तटावर, उन्हं उतरताना, मी सुधीरला सांगितलं. खाली नदीचं पाणी हलतही नव्हतं. मग त्याने विचारलं, "दुखते का लय?"

मला रडू आलं.

पुढच्या आठवड्यात त्याला घेऊन गेले. बाईंनी त्याला काहीही गोड करून सांगितलं नाही. फोड असताना दूर राहायचं, एरवी निरोध वापरायचा, रोजच्या गोळ्यांनी धोका कमी होतो पण पुरता जात नाही, मूल राहिलं तर बाळंतपणाच्या डॉक्टरला आधी सांगायचं. "हे मान्य असन त लगन कर," त्या म्हणाल्या. "दया म्हनून नोको करू. दया लवकर थकते." सुधीरने घरी जाऊन विचार केला आणि हो म्हणून कळवलं.

मागच्या हिवाळ्यात बाई गेल्या. आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो तेव्हा अंगण भरलं होतं. आपल्याकडे कोण, कुठले, कोणाचे कोण हे विचारल्याशिवाय कोणी पाणीही देत नाही. पण तिथे कोणीच कोणाला काही विचारत नव्हतं. सगळे आपापल्या पायांकडे पाहत बसलेले. बाईंची धाकटी बहीण एकेकापाशी जाऊन चौकशी करत होती आणि जो तो म्हणत होता, "ओळखीचे." इतक्या ओळखी ऐकून ती बिचारी गोंधळून गेली होती.

ती माझ्यापाशी आली. "तुमी कोन बाई? ताईच्या ओळखीच्या?"

मी सुधीरकडे पाहिलं. तो जवळ सरकून उभा राहिला.

"मी त्यांची पेशंट," मी म्हणाले. आवाज ठरवला होता त्यापेक्षा मोठा निघाला.

अंगणातल्या माना वर झाल्या. मग भिंतीशी बसलेल्या एका म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बहिणीकडे पाहत म्हटलं, "मी बी, माय."