तोमेच्या पिंपातली इवाना

गेन्झोच्या नादाला गावाने ठेवलेली नावं इथे लिहिण्यासारखी नाहीत. सत्तरी उलटलेला हा गडी कोंबड्याच्या पिसाची खोटी माशी आमिष म्हणून दोऱ्याला बांधून मासे धरायला तासन्‌तास ओढ्यापुढे वाकतो. बायको तोमे म्हणते, एवढा माझ्यापुढे वाकला असता तर संसार सोन्याचा झाला असता.

यंदाच्या शरदात मात्र चेष्टा घशातच अडकत होती. गेल्या वर्षी ओढ्यात दरड कोसळली आणि इवाना, म्हणजे इथला ठिपक्यांचा रानट ट्राउट मासा, जवळजवळ संपला. वसंतात मच्छीमार मंडळ तळ्यात वाढवलेले मासे सोडणार, त्यांच्यात मिसळून इवानाची जुनी जात नष्ट होणार. ओढ्यावरच्या धबधब्याच्या वर तेवढे हे तळ्यातले मासे चढू शकत नाहीत. म्हणून गेन्झोला एक जोडी वर नेऊन सोडायची होती, त्याच्या आजोबांनी नेली होती तशी. जोडीच हवी; एकटी मादी नराच्या शोधात खाली उतरते. आणि आज सूर्य मावळला की यंदाची मासेमारी बंद.

मादी काल मिळाली होती. रात्रभर तो बादलीतलं पाणी बदलत बसला. सकाळी निघताना मांजराची धास्ती नको म्हणून त्याने तोमेचं मुळ्याच्या लोणच्याचं लाकडी पिंप रिकामं केलं, घासलं, पाणी भरून मादी त्यात ठेवली आणि झाकण घातलं.

"अहो, त्यात नको," तोमे म्हणाली.

"तुला तुझ्या मुळ्यांची पडलीय," म्हणत तो गेला.

दिवसभर एकाही माशाने माशीकडे ढुंकून पाहिलं नाही. गेन्झो दोनदा घसरला, पाय बधिर झाले. शेजारच्या कान्जीने काठावरून विचारलं, मासे रुसलेत की तुझ्या तोंडाला घाबरलेत? गेन्झोने मान न वळवता माशी पुन्हा पाण्यावर टाकली, तेव्हा कान्जी घरी गेला. उन्हं शेंड्यांवर गेली, आणि शेवटच्या डोहात खडकाआड पाणी हललं. दोऱ्याला लागून वर आला तो नर, वाकड्या जबड्याचा.

बादली सांभाळत तो घरापर्यंत जवळजवळ धावलाच. पिंपाचं झाकण काढलं. मादी पांढरं पोट वर करून तरंगत होती.

तोमेने पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं. "चाळीस वर्षांचं मीठ मुरलंय त्या लाकडात. तेच सांगत होते."

गेन्झो पायरीवर बसला. नर बादलीत गोल गोल फिरत होता.

"याचं काय करू?"

"जिथला तिथे सोडू. दिसतंय तोवर चला."

दुसऱ्या दिवशी गेन्झो ओढ्यात उभा राहून पिंप घासत होता. दुपारीही घासतच होता. पुलावरून सगळं गाव येऊन जाऊन होतं, कान्जीसुद्धा. कुणी काही विचारलं नाही.