उपग्रहाला न दिसलेला बांध

जुईनगरच्या सोसायटीतले दिलीपराव रोज सकाळी दात घासायच्या आधी अवकाशात जाऊन येतात. म्हणजे बेसिनपाशी उभे राहून मोबाइल उघडतात आणि खटावकडच्या गावातली आपली द्राक्षबाग उपग्रहाच्या डोळ्याने बघतात. हिरवं दिसलं की वेली मजेत, तांबडं दिसलं की वेलींना पाणी कमी. बागेत स्वतः पाय ठेवल्याला जमाना झाला, पण अडतंय कुठे? चपलेला चिखल लागत नाही, आणि गावी राबणाऱ्या थोरल्या भावाला, हौसेरावांना, इथून आरामात झापता येतं.

नोकरी न्हावा शेव्याला, कस्टमच्या एजंटाकडे. दुसऱ्यांच्या द्राक्षांचे थंडगार कंटेनर परदेशी धाडण्यात गड्याचे केस पिकले. यंदा मात्र आपल्या बागेचा माल आपल्या हाताने बोटीवर चढवायचा, असा त्यांनी पणच केला होता. एवढं एकच स्वप्न उरलं होतं, बाकीची सगळी टू बीएचकेत कोंबून झाली होती.

अ‍ॅपवर बागेची हद्द बोटाने आखायची असते. दिलीपरावांनी ती आखताना चुलतभाऊ शिवाच्या ताब्यातला बांधालगतचा पट्टाही आत ओढला. का नाही ओढणार? त्या पट्ट्यावरून वडिलांच्या, म्हणजे आबांच्या काळापासून केस चालू आहे आणि दोन्ही घरांत बोलणं बंद आहे. कोर्टाला जमलं नाही ते आपण अंगठ्याने केलं, म्हणून त्यांनी बायकोला कौतुकाने दाखवलं.

"वा! आता ताबा पण मोबाइलवरच घ्या," स्मिताताई म्हणाल्या.

मग ऐन काढणीच्या तोंडावर तोच पट्टा तांबडालाल झाला. दिलीपरावांनी जुईनगरमधूनच मोबाइलवर मोटर चालू केली. दुसऱ्या दिवशी परत. पट्टा ढिम्म, तांबडा तो तांबडाच.

"दादा, कडेच्या वेली तहानेने मरतायत आणि तू झोपा काढतोस? सॅटेलाइट खोटं नाय बोलत!"

"आरं दिल्या, मोटर बंद कर आदी!" हौसेराव फोनवर ओरडले. "पाण्यानं आपल्या कडंच्या ओळीचं मणी तडकाय लागल्यात. तांबडं दिसतंय ती शिवाची बाग हाय. त्येचा माल कवाच उतरला, पाणी तोडून बाग इसाव्याला सोडलीया त्यानं."

"पण तो पट्टा आपला आहे ना?"

"जिमीन आपलीच. वेली त्येच्या."

एक ओळ गेली ते परवडलं, पण माल घेणारी कंपनी हाच नकाशा बघून बाग पास करणार होती. नकाशात तांबडं दिसलं की बाग नापास, मग बोट विसरा आणि द्राक्षं हातगाडीवर विका.

"दादा, मग हद्दीची रेघ मागे घेऊ का?"

"खबरदार! एवढ्या तारखा खाल्ल्या, आन् तू अंगठ्यानं जिमीन सोडतोस व्हय? आबा वरनं बघत्यात!"

"वरून उपग्रह पण बघतोय, त्याचं काय करू?"

हौसेरावांनी फोन आपटला. दिलीपरावांनी दोनदा रेघेवर अंगठा ठेवला आणि दोनदा उचलला. शेवटी लाजलज्जा बेसिनमध्ये सोडून त्यांनी शिवाला फोन लावला. एवढ्या वर्षांनी भावाशी पहिलं बोलणं, म्हणजे निदान बरा आहेस का एवढं तरी विचारावं. छे!

"शिवा, मी दिलीप. अरे बाबा, तुझ्या बागेला जरा पाणी दे की! हात जोडतो तुला."

शिवा अगदी लोण्यासारख्या आवाजात म्हणाला, "देतो की दादा, आत्ता देतो. फकस्त परत एकदा बोल, रेकॉर्डिंग चालू केलंय. कुणाच्या बागेला म्हणालास?"